अख्ख्या घराची रंगसंगती कशी जुळवलीत? अनुभव सांगा

कोथरूडकरीण
काल पेंटरने हॉलची भिंत घासायला घेतली. ऑफव्हाइटखाली पिस्ता निघाला, त्याखाली सासूबाईंच्या वेळचा आकाशी डिस्टेंपर. त्या रंगावर किती भांडणं झाली होती! तेव्हा खोलीगणिक रंग वेगळा. आता लेकीचं म्हणणं, घरभर एकच सूर हवा. तुमच्याकडे कसं जमवलंत?

पेठेतला
आमच्या वाड्यात चुना, त्यात चिमूटभर नीळ. खाली गेरूचा पट्टा. विषय संपला.

मनू_वारजे
रंगाच्या आधी फरशी आणि ओटा बघा, ते काही परत परत बदलत नाही कोणी. आमची फरशी पिवळसर. करडा लावून पाहिला तर नुसता मळकट दिसत होता, म्हणून बाद. सगळीकडे क्रीम, आणि प्रत्येक खोलीत कुठेतरी विटकरी: इथे पडदा, तिथे एक भिंत. इंटिरियरवाले 60-30-10 म्हणतात ना, 60 टक्के मुख्य रंग, 30 दुसरा, 10 उठून दिसणारा. आमचे 10 टक्के नवऱ्याच्या केशरी आरामखुर्चीने खाल्ले. टाकू देत नाही.

पेठेतला
खुर्ची राहू द्या हो. माणूस जुळला की झालं 😄

सई_औंध
घाईत लिहितेय, कुकर लावलाय. शेडकार्डावर भुलू नका!! छोटा डबा आणून भिंतीवर दोन-दोन फुटांचा पट्टा मारा, सकाळी बघा, रात्री दिवे लावून बघा. 2700 केल्विनच्या पिवळ्या दिव्यात आणि 6500 च्या पांढऱ्यात तोच रंग ओळखू येत नाही. उत्तरेच्या खोलीत थेट ऊन जवळजवळ नसतंच, तिथे करडा निळा पडतो. आणि शेडचा नंबर लिहून ठेवा, टचअपला लागतो.

भाडेकरू
आमचे मालक खिळा मारू देत नाहीत. वाचून घेतो.

कोथरूडकरीण
@सई पट्टा आजच मारायला सांगते. बेडरूमच्या पश्चिमेच्या भिंतीला दर पावसाळ्यात पोपडे येतात, तिथे कुठला रंग टिकेल?

मनू_वारजे
कुठलाच नाही. आधी ओल कुठून येते ते शोधा. बाहेरून तडे आहेत का? वरच्यांचं बाथरूम?

कोथरूडकरीण
वरचे म्हणतात आमचं नाही, सोसायटी म्हणते वरच्यांचं.

पेठेतला
सोसायटीची मीटिंग कधी?

कोथरूडकरीण
रविवारी. कोरम भरला तर.