मदत हवी आहे: मंडळीची वेबसाइट, कामाची वाटणी कशी करावी?

नमस्कार. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या आमच्या मराठी चर्चची वेबसाइट वर्डप्रेसवर करायची आहे. पगारी माणसं दोनच, पाळकसाहेब आणि ऑफिसचे क्लार्क. बाकी तरुण संघातली हौशी मुलं. मुलं हुशार आहेत, पण परीक्षा किंवा नोकरी लागली की गायब होतात! त्यामुळे उपासनेच्या वेळा आणि नाताळचा कार्यक्रम बदलण्याचं काम क्लार्ककडे, आणि डिझाइन-फोटो मुलांकडे, असं माझ्या मनात आहे. पंच कमिटीला मात्र प्रत्येक ओळ आधी वाचायची आहे. असं कुठे चाललंय का? डोमेन चर्चच्या ईमेलवरच घ्यायचं, एवढं ठरलंय.

खरी डोकेदुखी जुन्या मजकुराची आहे. वार्षिक अहवाल, मंडळीचा इतिहास सगळं श्रीलिपीत (युनिकोड नसलेल्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये) टाइप केलेलं. युनिकोडमध्ये नेलं की जोडाक्षरं आणि रफार बिघडतात. चांगला कन्व्हर्टर सुचवा, की सरळ पुन्हा टाइप करून घेऊ?

संडे स्कूलच्या मुलांचे फोटो टाकताना पालकांची लेखी संमती घेता का? नमुना असेल तर द्या. दानासाठी क्यूआर कोड टाकावा असं काहींचं म्हणणं, पण आमची एफसीआरए नोंदणी (परदेशी देणगी घ्यायला लागणारी सरकारी नोंदणी) नाही आणि मंडळीतले काही जण आता परदेशी नागरिक आहेत. त्यांचे पैसे चुकून आले तर पंचाईत. तुम्ही तिथे काय सूचना लिहिता?