शिव्या देणाऱ्याची गाडी चढवायची, की हुक काढून निघून यायचं?

फ्लॅटबेडवाला_शिरवळ

नऊ वर्षं झाली बंद गाड्या उचलायच्या धंद्यात. आधी हायड्रा क्रेनवर हेल्पर, मग टोचनची जीप, आता फ्लॅटबेड, म्हणजे सपाट बेडवर अख्खी गाडी चढवून नेणारा ट्रक. पट्टा पुणे-सातारा हायवेवर शिरवळ ते पाचवड, म्हणजे मधे खंबाटकी घाट आलाच. गाडी मालकाची, मी पगारी. माझं मत सरळ सांगतो. जो आईबहिणीवरून शिव्या देतो त्याची गाडी चढवायची नाही. हुक लावला असेल तर काढायचा आणि निघायचं.

कारण ऐका. मे महिन्यातला शनिवार. महाबळेश्वरला निघालेलं कुटुंब, ऑटोमॅटिक गाडी, घाट चढताना वळणावर बंद. माझ्या मोबाईलवर केस, म्हणजे गाडी उचलायचं काम, पडली दीड वाजता. गिऱ्हाइकाने फोन केलेला साडेबाराला. मधला तास कॉल सेंटर, व्हेंडर आणि आमचा मालक यांच्यात जिरला. त्याला मात्र सांगितलेलं, "चाळीस मिनिटांत पोचेल." बरं, खंबाटकी साताऱ्याकडे जाताना एकेरी. बोगदा पुण्याकडे येणाऱ्यांचा, तिकडून उलटं घुसता येत नाही. म्हणजे त्याच्याच गाडीमुळे जी रांग लागलीय, त्याच रांगेत मागे मी उभा.

पोचलो तर पहिलं वाक्य, "ए टोचन, झोपला होतास का?" ठीक आहे, ऐकून घेतलं. मग म्हणे बेडवर चढवू नको, बंपर घासेल, दोरी लाव आणि घाटमाथ्यापर्यंत ओढ. मी सांगितलं, साहेब, ऑटोमॅटिक आहे. गिअरबॉक्सला तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद, पंप बंद. चाकं रस्त्यावर ठेवून ओढली तर गिअरबॉक्स जळेल. बंपरखाली फळ्या लावतो, घासणार नाही. त्यावर, "तू मला शिकवणार?" आणि पुढे जे सुरू झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मागच्या सीटवर दोन पोरं, काचा खाली, सगळं ऐकत होती.

मी हुक काढला, वायर गुंडाळली, बेड सरळ केला आणि निघालो. केसवर शेरा पडला, "ड्रायव्हरने नाकारली". मालकाने भत्ता कापला, आठ दिवस यार्डात बसवलं. तरी मी बरोबर केलं असं मला वाटतं. बोला.

पेठेतला_नव्हे_कोथरूडचा

बोलतो. भर मे महिन्यात, दुपारी, घाटातल्या वळणावर दोन लहान मुलं बसलेली आणि तुम्ही निघून आलात. शिवी बापाने दिली, शिक्षा मुलांना. मागून एखादा ब्रेक फेल ट्रक आला असता तर? तुमचा अपमान झाला हे मान्य. पण अग्निशमनवाला कधी म्हणतो का, घरमालक उद्धट आहे, जळू दे?

आणि आता बोललंच पाहिजे म्हणून बोलतो. तुमच्या धंद्याने स्वतःची पत स्वतः घालवलेली आहे. खेड-शिवापूरजवळ माझी गाडी बंद पडली होती. एक जण आपणहून टपकला, जेमतेम पंधरा किलोमीटरचे सहा हजार मागितले आणि "ओळखीच्या" गॅरेजला नेऊन टाकली. मी शिवी दिली नाही. मनात मात्र सगळा कोश उघडला होता.

फ्लॅटबेडवाला_शिरवळ

तो आपणहून टपकलेला, मी केसवर गेलेलो. त्याचं पाप माझ्या डोक्यावर का? आणि अग्निशमनवाल्याला सरकार पगार देतं, मागे युनियन असते. मला महिना सोळा हजार आणि केसमागे दीडशे.

बोरघाटचा_जुना_पापी

शिरवळकर, तुझं चुकलं. पण कोथरूडकर सांगतात त्या कारणाने नाही.

मी खोपोलीला बावीस वर्षं काढली. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे २००२ मध्ये पूर्ण सुरू झाला, तेव्हापासून खालापूर ते लोणावळा याच पट्ट्यात आहे. पाऊस, धुकं, दारू प्यालेले, लग्नाचं वऱ्हाड, सगळं पाहिलं. तू त्या दिवशी उतरल्या उतरल्या गाडीकडे गेलास, बरोबर? गिअरबॉक्स समजावत बसलास. गाडीकडे पहिलं जायचंच नाही. माणसांकडे जायचं. पोरंबाळं गाडीत असतील तर खाली उतरवून कठड्याच्या पलीकडे उभी करायची. केबिनमध्ये पाण्याचा कॅन ठेवायचा, पहिला ग्लास बाईमाणसाला आणि पोरांना. मग साहेबाला विचारायचं, "जेवण झालं का?" अर्धी हवा तिथेच जाते.

"शांत व्हा" हे दोन शब्द तोंडातून काढायचे नाहीत, ते रॉकेल आहे. "माझ्या हातात काही नाही" हेही नाही. मोबाईल काढून दाखवायचा, साहेब, बघा, केस मला दीड वाजता आली, तिथून निघालो तो हा इथे. डोळ्याने बघितलं की माणूस मागे सरतो, निदान राग दुसरीकडे वळवतो.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, त्याला काम द्यायचं. "साहेब, डिकीत स्टेपनीजवळ ओढायचा हुक असतो, तेवढा शोधून देता का?" निम्म्या लोकांना आपल्या गाडीत असा हुक असतो हेच माहीत नसतं. बंपरवरचं छोटं झाकण काढून तो आत पिळायचा असतो. साहेब डिकीतल्या बॅगा काढतो, कार्पेट उचलतो, जॅक सापडतो, पाना सापडतो, शेवटी हुक. तोवर घाम आलेला असतो आणि शिव्या संपलेल्या असतात. काही गाड्यांचा तो हुक उलट्या आट्याचा असतो. तो सरळ पिळत बसतो, बसत नाही. मग आपण हळूच म्हणायचं, उलटा फिरवा साहेब. तिथून पुढे तो तुझा माणूस.

चढवायच्या आधी गाडीला एक फेरी मारून व्हिडिओ काढ, चारी बाजू, चाकांच्या रिम्स. शिवीपेक्षा ओरखडा महाग पडतो. शिवी तुला नसते रे, बंद पडलेल्या गाडीला असते. अंगावर हात टाकला तर मात्र ११२ लावायचा, तिथे दया नाही.

वारजे_रात्रपाळी

मी दुसऱ्या बाजूची. रात्री साडेअकराला नवले पुलाच्या उतारावर माझी गाडी बंद पडली होती. एकटी होते. तो उतार पुणेकरांना सांगायला नको. शेजारून कंटेनर जाताना गाडी हलत होती. टोवाला आला तेव्हा मी त्याच्यावर अक्षरशः किंचाळले. तो एक शब्द बोलला नाही. आधी त्याने ट्रक माझ्या गाडीच्या मागे तिरका लावला, वरचा पिवळा दिवा चालू केला, मग खाली उतरला. आडोसा झाला आणि माझा आवाज आपोआप खाली आला. तो निघून गेला असता तर मी काय केलं असतं हा विचार अजून करवत नाही.

तरीही, पापीदादा, "शिवी गाडीला असते" हे मला पटत नाही. मी घाबरून ओरडले, आईवरून नाही काढली. त्याच साहेबाची गाडी पुढच्या चौकात पोलिसाने अडवली असती तर त्याने हीच शिवी दिली असती का? नाही. "सर, सर" केलं असतं. म्हणजे राग आवरता येतो त्याला. कुणासमोर आवरायचा ते तो बघून ठरवतो. माझे एक काका हॉटेलातल्या पोऱ्याला असेच बोलतात आणि बँकेतल्या साहेबासमोर मांजर होतात. त्यांची कुठली गाडी बंद पडलेली असते?

बोरघाटचा_जुना_पापी

ताई, हे खरं आहे. पण मला काकांना सुधारायचं नसतं, त्यांची गाडी लोणावळ्यात पोचवून घरी जायचं असतं.

हिशोबनीस

थोडं माझंही ऐका. मी विमा क्षेत्रात आहे. निम्मी भांडणं पैशावरून होतात आणि ती रस्त्यावर नाही, पॉलिसी घेताना सुरू होतात. खासगी कारच्या नेहमीच्या पॅकेज पॉलिसीत गाडी उचलून नेण्यासाठी १५०० रुपयांपर्यंत असतात, पण ते अपघात झाला तर. गाडी नुसती बंद पडली तर त्यातून काही मिळत नाही. त्यासाठी रोडसाईड असिस्टन्स वेगळं घ्यावं लागतं आणि त्यातही किलोमीटरची मर्यादा असते. विकणारा सांगतो, "टोइंग फ्री आहे सर." घाटात ड्रायव्हर म्हणतो, वरच्या किलोमीटरचे एवढे. गिऱ्हाइकाला वाटतं हाच लुटतोय. फसवलं तिसऱ्याने, शिवी खातो हा.

हेडफोन_उतरवला

चार वर्षं अशाच एका कॉल सेंटरला होतो, नाव नको. "चाळीस मिनिटं" हे आम्ही नकाशा बघून सांगायचो नाही, स्क्रीनवर लिहिलेलं वाचायचो. दीड तास सांगितला तर समोरचा अजून भडकायचा आणि आमचे मार्क कापले जायचे. खंबाटकी कुठल्या दिशेला एकेरी आहे हे आमच्यातल्या कुणाला माहीत असणार? शिरवळदादा, त्या शिव्यांतल्या निम्म्या आमच्या होत्या. पोचत्या झाल्या समजा.

चौदा_टायर

कारवाल्यांचं बरंय, रुसायला टोवाला तरी येतो. आमचा लोड घाटात बंद पडला की क्लीनर चाकाला दगड लावतो, मागे झाडाच्या फांद्या टाकतो आणि आम्ही बसतो. जाणारा येणारा प्रत्येक जण काच खाली करून शिवी देऊन जातो. आम्ही कुणाची गाडी नाकारायची?

पेठेतला_नव्हे_कोथरूडचा

रात्रपाळीताईंचा मुद्दा बिनतोड आहे. पण त्यातून शिरवळकरांचं निघून येणं योग्य ठरत नाही. पुणेकर टोइंगवर चिडतो त्याला इतिहास आहे. २०२१ मध्ये नाना पेठेत दुचाकी उचलली ती वर बसलेल्या माणसासकट. २०१७ मध्ये मालाडला आत बाई तान्ह्या बाळाला दूध पाजतेय आणि कार ओढत नेली. हे सगळं बघितलेला माणूस तुमचा पिवळा दिवा दिसला की आधीच तापतो.

फ्लॅटबेडवाला_शिरवळ

काका, त्या वाहतूक पोलिसांच्या कारवाईतल्या गाड्या. ते न बोलावता येतात. मला बोलावल्याशिवाय मी येत नाही, आणि आल्यावर तुमचीच गाडी वाचवतो. एवढा फरक तरी कराल की नाही?

पापीदादा, डिकीतल्या हुकाचं मी करून बघेन, ते डोकं माझं चाललं नव्हतं. पण पाण्याचा ग्लास, जेवलात का, हे सगळं मी केलेलं आहे. रोज तीन-चार केस असतात. दर वेळी आपणच समजून घ्यायचं. संध्याकाळी घरी गेलो की पोरगी विचारते आज कुठली गाडी उचलली. सांगावंसं वाटत नाही.

मुलांचा मुद्दा मात्र लागला. त्या दिवशी वेळे गावाच्या खाली उतरलो तेव्हाच लागला होता. परत जायला वाटच नाही, अख्खा वळसा घालून पुन्हा रांगेत मागून यावं लागलं असतं. मालकाला फोन करून दुसरी गाडी पाठवायला लावली. ती पोचेपर्यंत आणखी पाऊण तास गेला असणार. हे आधी लिहिलं नव्हतं, कारण लिहायची लाज वाटली.

तर आता असं ठरवतो. घाटात सोडणार नाही. चढवायची, तोंडातून शब्द काढायचा नाही, घाट उतरला की पहिल्या सावलीच्या ढाब्यावर गाडी उतरवायची आणि सांगायचं, साहेब, पुढची गाडी मागवा.

पेठेतला_नव्हे_कोथरूडचा

आणि अर्ध्या रस्त्याचे पैसे?

फ्लॅटबेडवाला_शिरवळ

एक रुपया घेणार नाही.

बोरघाटचा_जुना_पापी

हा मूर्खपणा करू नको. डिझेल मालकाचं आहे. घाटातून उतरवलंस म्हणजे काम झालं, त्याचे पैसे लावून घे. शिव्या फुकट खाल्ल्यास तेवढं दान पुरे.

वारजे_रात्रपाळी

मला ढाब्याचं पटलं. मुलं सावलीत, पाणी आहे, माणसं आहेत. आणि बापाला बायको-पोरांसमोर सांगावं लागेल की हा का निघून गेला.

पेठेतला_नव्हे_कोथरूडचा

मला अजून पटलेलं नाही. हातात घेतलेलं काम अर्ध्यात सोडणं ते सोडणंच, घाटात काय आणि ढाब्यावर काय. उद्या माझ्याशी असं झालं तर मी रीतसर तक्रार करेन.

फ्लॅटबेडवाला_शिरवळ

करा. केसचा मेसेज येतो त्यात माझा नंबर असतो. तेवढं डिकीत तो हुक आहे का ते आजच बघून ठेवा.

पेठेतला_नव्हे_कोथरूडचा

आत्ताच खाली जाऊन बघून आलो. हुकाची खाच आहे, हुक नाही. गाडी सेकंडहँड घेतलेली आहे. जुन्या मालकाने ठेवून घेतलेला दिसतो, काय बोलावं अशा माणसाला.