दार-एस-सलामच्या (टांझानिया) सिन्झातल्या मुलीचा डबा : सोमवारपासून कोण नेणार?

माई, उपांगा (शुक्रवार सकाळी)

मंडळी, सिन्झात इथल्या एका कुटुंबात उतरलेल्या आपल्या मुलीच्या आईचा काल न्यू जर्सीहून पुन्हा फोन. पोरगी तीन आठवडे नुसता भात आणि केळी खाऊन झोपते आहे. भाजी म्हणून वाढलेल्या पालकात डगा (बारीक सुके मासे) निघाला, तेव्हापासून भाजीला हातच लावत नाही. आईला बोलताना रडू आवरत नव्हतं. मी सोमवार ते शुक्रवार पोळी-भाजी-वरण द्यायला तयार आहे. अडचण नेण्याची आहे. परवा जांग्वानीला पाणी भरलं आणि म्वेन्डोकासी बस बंद. 2016 ला ही बस सुरू झाली तरी मसिकात, म्हणजे पावसाळ्यात, मागोमेनीकडे जायचे हाल आहेत ते आहेतच. आमचा ड्रायव्हर ह्यांना सोडून मोकळा असतो, पण बुधवारी नसतो. बुधवार कोण घेईल? आज रात्रीपर्यंत कळवा, म्हणजे उद्या किसुटूला भाजी घेता येईल.

वहिनी, मिकोचेनी

बुधवार माझा. बजाजीवाला (रिक्षावाला) ओळखीचा आहे, तो देऊन येईल. फक्त डबे स्टीलचे घट्ट झाकणाचे द्या. आणि वेळ स्वाहिलीत नीट सांगा. मागच्या गणपतीत नानांनी ‘सा मोजा’ (एक वाजता) सांगितलं आणि प्रसादाचे डबे संध्याकाळी सातला आले. दुपारी एक म्हणजे ‘सा साबा’ (त्यांचे सात).

नाना, म्बेझी बीच

वहिनी, माझ्या मनात दुपारचा एक होता, म्हणून मी मोजा म्हणालो. इथे तास सूर्य उगवल्यापासून मोजतात, सकाळी सातला एक वाजतो. आपल्याकडेही प्रहर सूर्योदयापासूनच धरत, त्यामुळे पद्धत मला परकी वाटत नाही. पण डब्यांचं काम खानपान समितीमार्फत करायचं, असं जानेवारीच्या सभेत ठरलंय. माई, आधी मला एक फोन करायला हवा होता. कामाला माझा विरोध नाही, पण ठरलं ते ठरलं.

अप्पा, ऑयस्टर बे

डबा पाठवू नका. कोण नेणार हा पुढचा प्रश्न.

1987 साली कामासाठी मी किलिमांजारोच्या पायथ्याच्या मोशीला एका चग्गा जमातीच्या घरात सहा महिने राहिलो. पहिल्या आठवड्यात मी ‘सिली न्यामा’ म्हणालो, म्हणजे मांस खात नाही. दुसऱ्या दिवशी ताटात कोंबडी. मला वाटलं, माझं कुणी ऐकतच नाही. मग शेजारच्या मास्तरांनी समजावलं : न्यामा म्हणजे गुरा-बकऱ्याचं. कुकू (कोंबडी) वेगळी, समाकी (मासे) वेगळे. तिन्ही नावं घेतली नाहीत तर त्या बाईंनी ओळखायचं कसं? ही मुलगी नक्की काय म्हणाली, हे कुणी विचारलंय का? आणि डगा तर त्यांच्या लेखी चवीपुरता, आपण आमटीत सुकट टाकतो तसा.

शाकाहारी माणूस इथे उपाशी राहावा असं हे स्वयंपाकघर नाही. म्चिचा आहे, मातेम्बेले (रताळ्याचा पाला) आहे, भेंडीला तर बामिया म्हणतात. नारळाच्या रसातले माहारागे (राजमा) आहेत, चोरोको म्हणजे आपले मूग आहेत. तुमच्याकडे उतरलेल्या पाहुणीला शेजारीण रोज डबा आणून द्यायला लागली तर तुम्हाला कसं वाटेल? तिच्या घरच्या बाईंशी कुणीतरी जाऊन नीट बोला. कुणी जाणार नसेल तर मी जातो.

माई

अप्पा, तुम्ही त्या आईचा आवाज ऐकलेला नाही. वीस वर्षांची पोर आहे. बोलायला जाईपर्यंत ती आजारी पडली तर? आणि पालक तिला घरीही आवडत नव्हता, असं आईच म्हणाली.

वहिनी

माई, म्चिचा पालक नव्हे, आपला माठ. मी परसात लावलाय. लसणाची फोडणी आणि वर ओलं खोबरं, एवढंच लागतं.

सिन्झाहून (शुक्रवार रात्री)

सगळ्यांना नमस्कार. आईनं मला ही पत्रं आत्ता दाखवली, म्हणून लिहिते आहे. माझं मराठी लिहिणं कच्चं आहे, चुकलं तर सांगा.

अप्पांचं बरोबर आहे. मी फक्त ‘सिली न्यामा’ म्हणत होते. काल कुकू, समाकी, डगा सगळ्यांची नावं घेतली. मामा (माझ्या घरची आई, इथे आईला मामाच म्हणतात) कपाळाला हात लावून बसली. मग तीन आठवडे मी काय खाल्लं ते एकेक दिवसाचं विचारत राहिली. आता ती माझी भाजी आधी छोट्या सुफुरियात (पातेल्यात) काढून ठेवते आणि मग बाकीच्यात डगा टाकते.

मला डबा नको. कारण सांगते. बुधवारी मी दार लावून एकटीनं पोहे खाल्ले. मामाला वास आला. ती काही बोलली नाही. रात्री तिनं माझं ताट झाकून ठेवलं आणि मी बाहेर येईपर्यंत स्वतः जेवायला बसली नाही. या घरात मी सगळ्यांत लहान, म्हणून जेवणाआधी जग घेऊन प्रत्येकाच्या हातावर पाणी घालायचं काम माझं आहे. त्या दिवशी ते धाकट्या काकांनी केलं. मला फार लागलं ते.

आणखी एक. मामा नारळ खवते त्या लाकडी बैठकीला म्बुझी म्हणतात, म्हणजे बकरी. पुढे लोखंडी जीभ, त्यावर बसून खवायचं. रत्नागिरीला आजीकडे अशीच खवणी होती. काल मी त्यावर बसून अर्धा नारळ खवला. मामा म्हणाली, हात कुणाचा आहे तुझा? मला ‘आजीचा’ म्हणता आलं, ‘वा बिबी’.

माई, उद्या तुम्ही इकडे याल का? मामा चपातीला तेल लावून गुंडाळी करते आणि पुन्हा लाटते. तिला आपली घडीची पोळी बघायची आहे. आईशी मी बोलते.

माई

येते गं बाळा. पोळपाट माझा आणते. तुझ्या मामाला विचार, सकाळी दहा चालेल ना?

नाना

मग डब्याचा विषय राहिला नाही. उद्याच्या सामानाचा खर्च समितीतून घ्या माई, बिल माझ्याकडे द्या. ड्रायव्हरला ‘सा न्ने असुबुही’ (सकाळी दहा) सांगा.

अप्पा

मीही येतो. आणि पोरी, दारातून आत येताना आधी थोरांना ‘शिकामू’ (नमस्कार) म्हणतेस ना?

सिन्झाहून

रोज म्हणते अप्पा, आजोबांचं ‘मराहाबा’ आल्याशिवाय पुढे जात नाही. दहा चालेल, मामा वाट बघते आहे. कणीक आणि चोरोको घरात आहेत. माई, फक्त हिंग आणा.