मदत हवी आहे: वॉरंटी संपली आणि गिअरबॉक्स गेला

भावांनो, ऑटोमॅटिक गाडी हाय, वॉरंटी जेमतेम संपली आणि आंबा घाटात गिअरच पडंना, रेस दिली तरी जागची हलंना. शोरूमवाले म्हणतायत आख्खा गिअरबॉक्स बदला, दीड लाखाच्या वर, आणि आता आमच्या हातात काय नाही. अहो पण वॉरंटीत असतानाच तक्रार केलेली, जॉबकार्डवर (सर्व्हिसच्या नोंदीच्या कागदावर) 'सेकंडला झटका', म्हंजे दुसऱ्या गिअरला, असं लिहिलंय, तेव्हा सॉफ्टवेअर अपडेट मारून घालवलं! उद्यमनगरातला मिस्त्री खोलून बघू म्हणतोय, पण त्यानं हात लावला तर केस कच्ची होईल काय? 1915 वर, म्हंजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, तक्रार टाकलीय. जिल्हा ग्राहक आयोगात 2 वर्षांच्या आत जाता येतं, पण मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्ट दाखवायला एक्स्पर्ट रिपोर्ट कोण देतं? गुडविलमध्ये (वॉरंटी नसताना कंपनी आपखुशीनं देते ती सूट) निम्मा खर्च कंपनीकडून कुणी काढलाय का? गाडी शोरूममध्येच पडून हाय, वर पार्किंग चार्ज लावायचा दम देतायत.