विंडोज नव्याने टाकण्यापूर्वी आउटलुकमधले जुने मेल आणि पत्ते कसे जपावेत?

अंकसंपादक

नमस्कार. आम्ही एक छोटे साहित्यिक त्रैमासिक आणि वर्षातून एक दिवाळी अंक काढतो. विंडोज १० चा नियमित आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यामुळे कार्यालयातील संगणकाची डिस्क फॉरमॅट करून त्यावर विंडोज ११ टाकण्याचे ठरले आहे. संगणक त्यासाठी पात्र आहे, हे तपासून झाले आहे. काम करणारे गृहस्थ अनुभवी आहेत आणि डेस्कटॉप व डॉक्युमेंट्समधील सर्व काही आधी डी ड्राइव्हवर काढून ठेवतो, असे त्यांनी सांगितले आहे.

माझी चिंता मेलविषयी आहे. आमचे खाते आमच्याच डोमेनवरचे असून ते आउटलुक २०१६ मध्ये चालते. कथा-कविता स्वीकारल्याची पत्रे, मानधनाचे तपशील, चित्रकारांशी झालेला व्यवहार आणि विशेषतः पुनर्मुद्रणाच्या परवानग्या हे सगळे त्यातच आहे. परवानगी देणारे काही लेखक आज हयात नाहीत, त्यामुळे त्यांचे पत्र गेले तर ते दुसऱ्यांदा मागवता येणार नाही. संपर्कांच्या यादीत बहुतेक नावे आणि टपालाचे पत्ते देवनागरीत आहेत. नेमक्या कोणत्या फाइली उचलाव्यात, संपर्कांचा बॅकअप वेगळा घ्यावा लागतो का आणि घेतलेला बॅकअप खरोखर उपयोगी पडेल याची खात्री फॉरमॅटपूर्वीच कशी करावी, याबद्दल मार्गदर्शन मिळाल्यास आभारी राहीन.

जालसेवक

तुमच्या मेलची मूळ प्रत सर्व्हरवर आहे की फक्त तुमच्या संगणकावर, हे आधी पाहा. पुढची सगळी काळजी त्यावरच ठरते. आउटलुकमध्ये फाइल, मग अकाउंट सेटिंग्ज असे गेल्यावर ई-मेल या टॅबवर खात्याच्या नावासमोर पॉप किंवा आयमॅप असा प्रकार दिसेल.

आयमॅप असेल तर मेल सर्व्हरवर राहतात आणि नव्या विंडोजवर खाते जोडले की ते पुन्हा उतरतात. मात्र अशा खात्यात संपर्क आणि कॅलेंडर यांच्या फोल्डरांपुढे ‘धिस कॉम्प्युटर ओन्ली’ असे लिहिलेले असते आणि त्याचा अर्थ शब्दशः घ्यायचा. ते सर्व्हरवर कधीच जात नाहीत. ज्या ओएसटी फाइलमध्ये (सर्व्हरशी जुळवून ठेवलेल्या स्थानिक प्रतीत) ते असतात ती नव्या संगणकावर नेऊन उघडता येत नाही. म्हणून ते फोल्डर पीएसटी, म्हणजे आउटलुकच्या स्वतंत्रपणे उघडता येणाऱ्या डेटा फाइलमध्ये एक्स्पोर्ट करूनच घ्यावे लागतात. ‘मेल सर्व्हरवर आहेत, काळजी नको’ असे ऐकून निश्चिंत झालेल्या माणसाचे संपर्क जातात ते इथे.

पॉप असेल तर प्रकरण अधिक नाजूक आहे, कारण मेल एकदा उतरले की सर्व्हरवरील प्रत आउटलुकच्या मूळ मांडणीनुसार १४ दिवसांनी पुसली जाते आणि त्यानंतर तुमच्या संगणकावरील पीएसटी फाइल हीच एकमेव प्रत उरते. त्याच अकाउंट सेटिंग्जमधील डेटा फाइल्स या टॅबवर अशा सर्व फाइलींची नावे आणि जागा दिसतात. तिथे एकापेक्षा अधिक ओळी असतील तर प्रत्येक फाइल उचलायची, कारण जुन्या वर्षांचे मेल बरेचदा अर्काइव्ह नावाच्या वेगळ्या फाइलीत गेलेले असतात. आउटलुक २०१० आणि त्यानंतरच्या आवृत्त्या ही फाइल डॉक्युमेंट्समधील ‘आउटलुक फाइल्स’ फोल्डरात ठेवतात. त्याआधीच्या आवृत्तीपासून चालत आलेली फाइल मात्र अ‍ॅपडेटा या लपवलेल्या फोल्डराच्या पोटात असू शकते, आणि डेस्कटॉप व डॉक्युमेंट्स एवढेच कॉपी केले तर ती हमखास मागे राहते.

आता डी ड्राइव्हविषयी. बहुतेक संगणकांत सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन भाग असतात. विंडोज टाकताना पार्टिशनची यादी समोर येते, तिथे चुकीची ओळ निवडून डिलीट केली की डीसुद्धा जातो. आणि डिस्कच बिघडली तर दोन्ही एकदमच जातात. त्यामुळे बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्यावा, शक्यतो दोन वेगळ्या डिस्कवर, आणि काम चालू असताना त्या संगणकाला जोडलेल्या नसाव्यात.

कॉपी करण्यापूर्वी आउटलुक पूर्ण बंद करा आणि टास्क मॅनेजरमध्ये ते मागे चालू राहिलेले नाही हे पाहा. संपर्क, कॅलेंडर आणि तुम्ही तयार केलेले फोल्डर पॉप खात्यात त्याच पीएसटी फाइलमध्ये असतात, पण स्वाक्षऱ्या नसतात. त्या अ‍ॅपडेटामधील रोमिंग, मायक्रोसॉफ्ट, सिग्नेचर्स या फोल्डरात असतात. मेल आपोआप ठरावीक फोल्डरांत जाण्यासाठी नियम केले असतील तर ते रूल्सच्या खिडकीतील ऑप्शन्समधून वेगळे एक्स्पोर्ट करून ठेवा. खात्याचा पासवर्ड, येणाऱ्या व जाणाऱ्या मेलच्या सर्व्हरांची नावे आणि पोर्टचे आकडे आजच कागदावर उतरवून घ्या. आउटलुक पासवर्ड लक्षात ठेवते, पण तो तुम्हाला वाचून दाखवत नाही.

अंकसंपादक

जालसेवक, मनःपूर्वक आभार. आमचे खाते पॉपच आहे. डेटा फाइल्समध्ये दोन ओळी आहेत: एक फाइल डॉक्युमेंट्समध्ये आहे, तर दुसरी, २०१२ पूर्वीच्या मेलची, आपण म्हणता तशी अ‍ॅपडेटामध्ये निघाली. फॉरमॅटमध्ये ती नक्कीच गेली असती.

पहिली फाइल १७ जीबीची आहे आणि ६४ जीबीच्या पेन ड्राइव्हवर भरपूर जागा असूनही तिची कॉपी होत नाही. फाइल फार मोठी आहे, असा संदेश येतो. शिवाय खबरदारी म्हणून आमच्या सहकाऱ्यांनी संपर्कांची यादी सीएसव्ही (स्वल्पविरामांनी विभागलेल्या साध्या मजकुराच्या) स्वरूपात काढली, तर तिच्यात सगळ्या देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हे दिसत आहेत. मूळ यादीच बिघडली आहे का?

लिपीमित्र

मूळ यादी शाबूत आहे, बिघडली आहे ती फक्त बाहेर काढलेली सीएसव्ही. आउटलुक ही फाइल लिहिताना युनिकोड, म्हणजे सर्व लिप्यांना सामावणारे संकेतन, न वापरता विंडोजच्या जुन्या संकेतनात लिहिते, आणि त्या संकेतनात देवनागरीला जागाच नसल्यामुळे प्रत्येक अक्षराऐवजी प्रश्नचिन्ह उमटते. हा फॉन्टचा प्रश्न नव्हे. त्या फाइलमधून मूळ नावे कोणत्याही युक्तीने परत येणार नाहीत, म्हणून ती बॅकअप म्हणून ठेवूच नका. संपर्कांची जादा प्रत हवी असेल तर फाइल, ओपन अँड एक्स्पोर्ट, इम्पोर्ट/एक्स्पोर्ट असे जाऊन ‘आउटलुक डेटा फाइल’ हा प्रकार निवडा आणि फक्त कॉन्टॅक्ट्सचा फोल्डर छोट्या पीएसटी फाइलमध्ये काढा. त्यात देवनागरी जशीच्या तशी राहते.

काही संपर्क तुमच्या फोनमधून गूगलच्या खात्यात गेलेले असतील तर तिथून निघणारी सीएसव्ही युनिकोडमध्ये असते आणि ती चालते. पण ती एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करण्याचा मोह टाळा. एक्सेल फोन नंबरांना आकडे समजते, त्यामुळे +९१ मधले अधिक चिन्ह आणि जुन्या दूरध्वनी क्रमांकांच्या सुरुवातीचे शून्य उडून जाते. पाहायचेच असेल तर नोटपॅडमध्ये पाहा.

अंकाच्या कामात असल्यामुळे आणखी एक सांगतो. युनिकोड रुळण्यापूर्वी लेखकांनी पाठवलेल्या वर्डच्या फाइली श्रीलिपी किंवा डीव्हीबी-टीटी सुरेखसारख्या फॉन्टांत टंकलेल्या असतात. मेल सुरक्षित राहिला तरी ते फॉन्ट नव्या विंडोजवर नसतील तर जोडलेली कथा रोमन अक्षरे आणि चिन्हांच्या गिचमिडीसारखी दिसेल. तेव्हा विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरातील हे फॉन्ट आणि त्या सॉफ्टवेअरच्या परवान्याचा तपशीलही बॅकअपमध्ये घ्या. जुन्या दिवाळी अंकांच्या बाबतीत ही गोष्ट मेलच्या फाइलीइतकीच महत्त्वाची मानावी, असे माझे मत आहे.

जालसेवक

पेन ड्राइव्हचा उलगडा सोपा आहे. तो फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असणार आणि त्या पद्धतीत एकेका फाइलला ४ जीबीची मर्यादा असते, मग जागा कितीही मोकळी असो. त्यात काही नसेल तर तो एक्सफॅट किंवा एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट करून घ्या. मात्र पेन ड्राइव्ह ही दुसरी प्रत समजा. पहिली प्रत एक्स्टर्नल हार्ड डिस्कवरच असू द्या.

खात्रीचा आपला प्रश्न राहून गेला होता, आणि माझ्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. बॅकअपची एक प्रत ज्यावर जुने, म्हणजे क्लासिक आउटलुक आहे अशा दुसऱ्या संगणकावर न्या आणि तिथे ‘ओपन आउटलुक डेटा फाइल’ने उघडा. फाइल उघडताना तिच्यात बदल होतात, म्हणून तपासणीची प्रत वेगळी ठेवा. नुसता इनबॉक्स दिसला की थांबू नका. पाठवलेल्या मेलचा फोल्डर पाहा, सर्वांत जुन्या वर्षातले एखादे पत्र उघडा, त्याला जोडलेली फाइल उघडा आणि संपर्कांत देवनागरीतला एखादा पूर्ण पत्ता वाचा. फाइल उघडताना दोष दाखवला गेला तर मूळ संगणकावर आउटलुक बंद करून स्कॅनपीएसटी या दुरुस्तीच्या साधनाने ती तपासा आणि पुन्हा कॉपी करा. हे सगळे फॉरमॅटच्या आधी व्हायला हवे.

अंकसंपादक

आमच्या अक्षरजुळणी करणाऱ्यांच्या संगणकावर क्लासिक आउटलुक आहे. काल तिथे दोन्ही फाइली उघडून पाहिल्या. २००९ मधील एका कथेच्या पुनर्मुद्रणाची परवानगी देणारे पत्र आणि त्याला जोडलेले स्कॅन केलेले पान व्यवस्थित उघडले. संपर्कांतील पत्ते पिनकोडसह शाबूत आहेत. फॉन्टही काढून ठेवले.

आता दोनच शंका उरल्या आहेत. मेल लिहिताना ‘टू’च्या जागी दोन अक्षरे टंकली की ज्या लेखकांची नावे आपोआप येतात, त्यांतील काही संपर्कांच्या यादीत सापडत नाहीत, ती कोठे असतात? आणि नव्या विंडोजवर या फाइली परत जोडताना काय काळजी घ्यावी?

जालसेवक

ती नावे म्हणजे तुमचे संपर्क नव्हेत. आपण पूर्वी ज्यांना मेल पाठवले त्यांचे पत्ते आउटलुक सोयीसाठी लक्षात ठेवते आणि खाते नव्याने मांडताना ती आठवण टिकेलच असे नाही. त्या यादीवर विसंबू नका. पाठवलेल्या मेलच्या फोल्डरातून अशा व्यक्तींचे मेल उघडा, पत्त्यावर उजवे क्लिक करून ‘अ‍ॅड टू आउटलुक कॉन्टॅक्ट्स’ करा आणि त्यानंतर पीएसटी फाइलची शेवटची प्रत घ्या.

परत जोडताना इम्पोर्ट करू नका, कारण त्यात फोल्डर आणि संपर्क दुहेरी होण्याचा धोका असतो. पीएसटी फाइल आधी नव्या संगणकावर तिच्या कायमच्या जागी ठेवा. वनड्राइव्हने (मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीने) डॉक्युमेंट्स फोल्डर ताब्यात घेतला असेल तर तिथे ती ठेवू नका. सतत बदलणारी एवढी मोठी फाइल सिंक होत राहणे बरे नव्हे. मग पॉप खाते हाताने जोडताना नवे मेल कोठे जमा व्हावेत या प्रश्नाला ‘एक्झिस्टिंग आउटलुक डेटा फाइल’ हा पर्याय निवडून हीच फाइल दाखवा. सर्व्हरवर अजून शिल्लक असलेले अलीकडचे मेल पुन्हा एकदा उतरतील, त्याने घाबरून जाऊ नका. अर्काइव्हची फाइल वेगळी उघडायची. तिच्यातले संपर्क पत्ते निवडताना दिसत नसतील तर त्या फोल्डराच्या प्रॉपर्टीजमध्ये आउटलुक अ‍ॅड्रेस बुक या टॅबवर खूण करावी लागते.

विंडोज ११ सोबत येणारे नवे आउटलुक हा वेगळा प्रोग्राम आहे आणि पीएसटी फाइली तो जुन्यासारख्या पूर्णपणे हाताळत नाही, तेव्हा तुम्हाला क्लासिकच लागेल. ऑफिस २०१६ ची प्रॉडक्ट की किंवा ते ज्या खात्याशी जोडले आहे त्याचा तपशील हाताशी ठेवा. ऑफिस २०१६ चा आधारही विंडोज १० सोबत त्याच दिवशी संपला असल्याने पुढे नवी आवृत्ती घेण्याचा विचार करावा लागेल.

लिपीमित्र

जालसेवकांच्या म्हणण्याला एक पुस्ती जोडतो. संगणकात अजून जुनी हार्ड डिस्क असेल तर ती फॉरमॅट न करता काढून घ्यायला सांगा आणि नवी एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवून तिच्यावर विंडोज टाकून घ्या. ५०० जीबीची एसएसडी अंकाच्या कामाला पुरेशी ठरते आणि संगणकाचा वेगही वाढतो. जुनी डिस्क आहे तशी लेबल लावून कपाटात ठेवा. बॅकअपमध्ये एखादा फोल्डर राहून गेल्याचे पुढे लक्षात आले, तर ती यूएसबीच्या केसमध्ये घालून तो काढता येईल. गृहस्थ कामाला येण्यापूर्वी त्यांना हे फोनवर कळवून ठेवा, म्हणजे एसएसडी ते सोबत आणतील.