अनुभव धागा: सॉफ्टवेअर उतरवताना आणि अपडेट करताना तुम्ही काय तपासता?

'अधिकृत साइटवरूनच घ्या' एवढं सांगून सगळे मोकळे होतात. साइट अधिकृत हे ओळखायचं कसं, फाइल तपासायची कशी, अपडेट अडकलं तर काय करायचं, ते इथे लिहा. किस्से नकोत, कृती हवी.

* * *

नाव शोधल्यावर सगळ्यात वर येणारा दुवा बऱ्याचदा जाहिरातच असतो; बाजूला बारीक अक्षरात 'प्रायोजित' असतं. नकली साइटवाले नेमकी तीच जागा विकत घेतात. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरची खरी साइट व्हिडिओलॅन या नावाने आहे. हे ठाऊक नसलं की पत्त्यात 'व्हीएलसी' दिसलं म्हणून माणूस भलत्याच दारात शिरतो. पानावर तीन-चार हिरवी 'डाउनलोड' बटणं असतील, तर न दाबता माउस नुसता वर न्या. खाली कोपऱ्यात खरा पत्ता दिसतो.

* * *

विंडोजवर उतरलेल्या फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, मग 'डिजिटल सिग्नेचर्स'. नुसतं नाव पाहून थांबू नका. 'डिटेल्स' उघडून सही वैध आहे का ते वाचा. हा टॅबच नसेल तर फाइलवर सही नाही. लहान मुक्त प्रकल्पांत असं असतं, पण मोठ्या कंपनीची फाइल बिनसहीची असेल तर सरळ डिलीट.

सही नसली तर हॅश, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा; फाइल जराही बदलली की तोही बदलतो. पॉवरशेल या विंडोजच्या कमांड खिडकीत गेट-फाइलहॅश ही कमांड फाइलच्या नावासह चालवली की एसएचए-२५६ चा 64 अक्षरांचा आकडा मिळतो. पहिली चार आणि शेवटची चार अक्षरं डोळ्यांनी जुळवण्यात अर्थ नाही. आकडा कॉपी करा, साइटने हॅश दिलेल्या पानावर कंट्रोल-एफ दाबून पेस्ट करा; सापडला तर जुळला. नाही जुळला तर बहुतेक वेळा डाउनलोड अर्धवट झालेलं असतं. पुन्हा उतरवा. तरीही फरक राहिला तर ती फाइल चालवायची नाही.

* * *

वरच्या प्रतिसादात भर. फाइल आणि हॅश एकाच सर्व्हरवर असतील तर घुसखोर दोन्ही बदलू शकतो. फेब्रुवारी 2016 मध्ये लिनक्स मिंट या ऑपरेटिंग सिस्टिमची साइट फोडून आयएसओचा (इन्स्टॉल करायच्या फाइलचा) दुवाच बदलला होता. म्हणून जीपीजी सही (प्रकल्पाने आपल्या गुप्त चावीने केलेली डिजिटल सही) तपासावी, आणि ती पडताळायच्या सार्वजनिक चावीचा ठसा, म्हणजे तिचा ओळख-आकडा, दुसऱ्या ठिकाणाहून मिळवावा. सहीलाही मर्यादा आहेच: 2017 मध्ये सीक्लीनर या संगणक सफाईच्या सॉफ्टवेअरची 5.33 आवृत्ती मालवेअरसकट बाहेर पडली, तीही कंपनीच्या अस्सल सहीने. फाइल कुणाकडून आली ते सही सांगते, आत काय आहे ते नाही.

* * *

इन्स्टॉल करताना 'कस्टम' निवडा. नको ते टूलबार 'रेकमेंडेड'च्या आड दडलेले असतात. आणि 'आधी अँटिव्हायरस बंद करा' असं सांगणारा क्रॅक (परवाना चुकवायची चोरटी फाइल)? पुढे बोलायलाच नको.

* * *

अपडेट लगेच की थांबून? सुरक्षेचं लगेच. वॉनाक्राय हा फाइली अडकवून खंडणी मागणारा मालवेअर मे 2017 मध्ये पसरला. त्याची भेग बुजवणारा पॅच मार्चमध्येच आला होता. मोठ्या नव्या आवृत्तीसाठी मात्र काही आठवडे खुशाल थांबा. वेबपानावर 'तुमचा ब्राउझर जुना झाला' असं आलं तर टॅब बंद करून ब्राउझरच्याच मेनूतल्या 'अबाउट'मध्ये बघा. शेवटी रीस्टार्टच करा: फास्ट स्टार्टअप (विंडोज लवकर सुरू करायची सोय) चालू असताना साध्या शटडाउनने विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही.

* * *

बायोस (संगणक सुरू करणारं मदरबोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेटबद्दल कुणी लिहिलं नाही. मॉडेल क्रमांक अक्षर न् अक्षर जुळवा; मदरबोर्डवर छापलेली रिव्हिजनही. चार्जर लावूनच ठेवा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) चालू असेल तर आधी ते 'सस्पेंड' करा आणि 48 अंकी रिकव्हरी की दुसरीकडे लिहून ठेवा. टीपीएमला (संगणकातल्या चाव्या जपणाऱ्या सुरक्षा चिपला) बदल जाणवला की पुढच्या वेळी सुरू होताना तीच मागितली जाते. मध्येच स्क्रीन काळी पडते, पंखा जोरात फिरतो. त्या वेळी पॉवर बटणाला हात लावायचा नाही.