जीन शेफर्ड ऐकताना आपलीच चाळ का आठवते?

लालबागचा_डोंबिवलीकर

नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून शेवटी धागा काढतोय. जीन शेफर्ड म्हणून एक अमेरिकन रेडिओवाला होता, न्यूयॉर्कच्या डब्ल्यूओआर स्टेशनवर १९५५ पासून १९७७ पर्यंत रात्री बोलायचा. हातात स्क्रिप्ट नाही, समोर पाहुणा नाही, पाऊण तास एकटा माणूस आणि माइक. तेव्हाच्या श्रोत्यांनी घरी टेप करून ठेवलेले बरेच कार्यक्रम आता नेटवर मिळतात. माझी ड्युटी रात्री अकराला सुटते, सीएसएमटीवरून स्लो लोकल पकडली की कानात हेडफोन, आणि भांडुप येईपर्यंत एक एपिसोड होतो.

त्याच्या गोष्टी हॅमंडच्या. इंडियाना राज्यातलं गाव, शिकागोच्या शेजारी, आजूबाजूला स्टीलचे कारखाने आणि तेलाची रिफायनरी, काळ १९३० नंतरचा मंदीचा. वडिलांना तो ‘ओल्ड मॅन’ म्हणतो, म्हणजे आपल्याकडे पोरं आपसात बोलताना ‘आमचा म्हातारा’ म्हणतात ना, तसंच. तर तो म्हातारा घर गरम ठेवणाऱ्या तळघरातल्या कोळशाच्या भट्टीशी भांडतोय आणि त्याच्या शिव्या खालून वर घरात येतायत असं वर्णन चाललेलं, आणि मला एकदम आमचे बाबा दिसले, दिवसपाळीला जायच्या आधी पहाटे पंपाच्या स्टोव्हसमोर उकिडवे बसलेले, हातात पिन, स्टोव्ह फुरफुरतोय आणि भडकतोय आणि विझतोय, आणि आई मागे एक शब्द न बोलता कणीक मळतेय. रॉकेलचा वाससुद्धा आला हो, चालत्या गाडीत! मी बर्फ कधी बघितला नाही, भट्टी असलेलं तळघर बघितलं नाही, तरी असं का व्हावं? आणि मराठी रेडिओवर असं एकट्याने बोलणारं कोणी होतं का?

मर्फीवाली_आजी

छान धागा. आमच्या गिरगावात रेडिओ म्हणजे आकाशवाणीवरची ‘प्रपंच’ ही घरगुती मालिका आणि मग ‘पुन्हा प्रपंच’. त्यात बाळ कुडतरकर, प्रभाकर जोशी आणि मीनावहिनी झालेल्या नीलम प्रभू. ते सुरू झालं की गॅलरीत चालताना प्रत्येक खोलीतून तोच आवाज यायचा, एक वाक्य चुकायचं नाही. पण तुम्ही विचारताय ते वेगळं, तो तिघांचा संसार होता, आपण दारात उभं राहून ऐकल्यासारखं. एकट्याने गोष्ट सांगणारे आपल्याकडे होते ते स्टेजवर. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील, द. मा. मिरासदार या तिघांचं कथाकथन लोकांनी गावोगाव ऐकलंय, आणि पुलंनी तर अख्खी चाळ एकट्याने उभी केली. पण तिथे हॉल भरलेला असतो, हशा येतो, सांगणारा हशासाठी थांबतो. तुमच्या शेफर्डचा एक कार्यक्रम नातवाने लावून दिला, त्यात हसणारं कोणी नाही. आपण एकटेच हसतो, आणि तो जणू आपल्यालाच सांगतोय असं वाटतं. मला ते फार आवडलं.

मिडियमवेव्ह

आजींशी सहमत, आणि त्यात रात्रीचा मोठा हात आहे. मिडियम वेव्ह रात्री आकाशातल्या थरावरून परत येते म्हणून लांब पोचते, आणि डब्ल्यूओआर ५० हजार वॉटचं स्टेशन. त्यामुळे कुठल्या कुठल्या गावातली शाळकरी पोरं उशीखाली ट्रान्झिस्टर ठेवून ऐकायची, घरच्यांना वाटायचं झोपली. शेफर्ड स्वतः लहानपणापासून हॅम रेडिओवाला, म्हणजे घरच्या बिनतारी यंत्रावरून हौसेने लांबच्या लोकांशी बोलणारा, समोर न दिसणाऱ्या माणसाशी बोलायची सवय त्याला तिथूनच असणार असं माझं मत. कधी कधी तो श्रोत्यांना सांगायचा की रेडिओ खिडकीत ठेवा, आवाज पूर्ण वाढवा, आणि मग हा माइकवरून शेजाऱ्यांना ओरडायचा. आपल्या चाळीत केलं असतं तर सगळ्या मजल्यांवरचे दिवे लागले असते :)

आणि बांधणी ऐका त्याची. सुरुवात भलत्याच विषयावर, मध्ये मोरचंग वाजवणार, मग कुठली तरी जाहिरात आठवणार, आपल्याला वाटतं गडी भरकटला, आणि शेवटच्या दोन मिनिटांत सगळं मूळ जागी आणून बसवणार. कीर्तनातला पूर्वरंग-उत्तररंग ज्यांनी ऐकलाय त्यांना हे लगेच ओळखू येईल.

शिवडी_नाका

थोडा वेगळा सूर लावतो. तो स्वतः आपल्या गोष्टींना नॉस्टॅल्जिया म्हणू द्यायचा नाही, आणि या खऱ्या आठवणी नाहीत, रचलेल्या गोष्टी आहेत असंही सांगायचा. मला तेच पटतं. त्याच्या लहानपणात पोरं हरतात, मार खातात, बाप पैशासाठी घायकुतीला येतो. आपल्याकडे गिरणगाव म्हटलं की लगेच ‘काय ते दिवस होते’ सुरू होतं, सण आठवतात, भजनी मंडळ आठवतं, पण १९८२ च्या गिरणी संपात घरात काय शिजलं हे कोणी सांगत नाही. माझ्या आईने तेव्हा पितळेची भांडी एकेक करून विकली, शेवटी राहिलेला डबा अजून माझ्याकडे आहे, झाकण बसत नाही त्याचं. शेफर्डने झाकणापासून सुरुवात केली असती. तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर तेवढंच, तो वस्तू बरोबर पकडतो, मग गाव हॅमंड असो की शिवडी.

लालबागचा_डोंबिवलीकर

शिवडी नाका, तुमचा प्रतिसाद ठाण्यापासून डोंबिवलीपर्यंत तीनदा वाचला. आमचे बाबा पण संपातलेच, गिरणी गेली आणि आम्ही इकडे आलो, त्यावर ते एक अक्षर बोलत नाहीत. काल रात्री जेवताना धीर करून त्यांना ती भट्टीची गोष्ट मराठीत सांगितली, जमेल तशी. ऐकून घेतली, हात धुतला, आणि म्हणाले, ‘पिन मोडायची रे. आत अडकली की मग पत्र्याच्या तुकड्याने काढायला लागायची, आणि तिकडे भोंगा वाजलेला असायचा.’ मग साडेबारापर्यंत बोलत होते. आज भट्टीचा तो एपिसोड फोनवर घेतलाय, रविवारी थांबवत थांबवत त्यांना ऐकवतो.